मोबाईल हातात न देणाऱ्या मावशी

हदगावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की मोबाईल माझ्या हातात कोंबतं. "डाउनलोड केलेलं सापडून न्हाई राहिलं, बघा जरा." ह्या मावशी मात्र मोबाईल देत नाहीत. पदरानं पुसून दोन्ही हातांत धरतात आणि मला नुसतं तोंडानं सांगायला लावतात.

परवा त्यांना मोबाईलवर डाउनलोड केलेल्या सातबाऱ्याची प्रत हवी होती. मागं पाच माणसं उभी, आणि मावशी फोटोंमध्ये हुडकत बसलेल्या. मी वैतागलो. "द्या इकडं मावशी, एका मिनिटात काढतो."

"न्हाई. सातबारा माझ्या नावचा हाय, मोबाईल माझा हाय. मंग बोट तुमचं कशाला?"

"आमी दिवसभर उभं ऱ्हावं का?" मागून एकजण ओरडला.

"ऱ्हावा," मान वर न करता त्या म्हणाल्या.

मग मी सांगितलं, 'फाइल्स'मध्ये जा, 'डाउनलोड्स' दाबा. आत नुसत्या आकड्यांच्या नावाच्या फाइली. त्यांनी एकेक उघडली. चौथीत स्वतःचं नाव दिसलं. ते त्यांनी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं वाचलं, आणि मगच फाइल मला पाठवली.

मागच्या म्हाताऱ्यानं सवयीनं मोबाईल माझ्यापुढं धरला. मावशींनी त्याचा हात मागं ओढला.

"त्यांना कशाला, दादा? हितं दाबा. तुमीच."