उजवी रांग राहिलीय

चष्म्याच्या काचांच्या कारखान्याकडे जाणाऱ्या पदपथावर अकरा लोखंडी खुंट होते. गाड्या वर चढू नयेत म्हणून रोवलेले, कमरेइतके उंच. बाकीचे लोक त्यांच्या कडेने सरळ जात. आत्या मधून जायची. पहिल्याच्या डावीकडून, दुसऱ्याच्या उजवीकडून, तिसऱ्याच्या पुन्हा डावीकडून. खांद्याला पिशवी, हातात डबा, आणि कपड्याची कडसुद्धा खुंटाला लागू द्यायची नाही. लागली तर मागे फिरून पहिल्यापासून सुरुवात. यापायी दोनदा तिची हजेरी चुकली होती. कोपऱ्यावरचा पेपरवाला नव्या गिऱ्हाइकांना सांगायचा, "बाई शहाण्या आहेत हो. फक्त चालतात तशा."

ती सत्तावन्न वर्षांची होती. लग्न केलं नव्हतं. मोठ्या भावाच्या घरात वरच्या खोलीत राहायची. कारखान्यात तिचं काम काचा फ्रेमच्या मापाला घासायचं. फिरत्या दगडावर पाणी ठिबकत राही आणि काच केसाकेसाने कमी होत जाई. जास्त राहिली तर पुन्हा दगडाला लावता येते. कमी झाली की संपलं, ती फ्रेममधून गळणारच. नव्या मुलींना ती एवढंच शिकवायची, "एक केस बाकी असताना थांबायचं आणि बघायचं." बघायला तिच्या गळ्यात दोरीने अडकवलेलं अंगठ्याएवढं भिंग असे. ते घरी यायचं, बाजारात जायचं, आणि वर्षातून दोन दिवस गोदामांमागच्या उताराच्या रस्त्यावरही.

त्या रस्त्याचं असं झालं. अठरा वर्षांपूर्वी तिच्या भाच्याला वाढदिवसाला कुणीतरी स्केटबोर्ड दिला. तो तेव्हा बारा वर्षांचा. दोनदा आपटला आणि फळी पलंगाखाली गेली. सहा महिन्यांनी झाडताना ती आत्याच्या हाती लागली. तिने चाकं फिरवून पाहिली, लाकडावर टिचकी मारली, म्हणाली, "चांगली आहे की." दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत तिने तेलाचे रिकामे डबे ओळीने मांडले. पहिल्या आठवड्यात डबे जास्त पडले की ती, ते सांगणं अवघड. मुली खिडकीतून हसायच्या. भाचाही हसायला म्हणूनच आला होता, आत्या चौदा डब्यांमधून सळसळत पार गेलेली पाहिली आणि म्हणाला, "मला शिकव."

आता तो तीस वर्षांचा होता आणि शनिवार-रविवारच्या शर्यतीचा प्रमुख. उतारावर वीतभर उंचीच्या नारिंगी शंकूंच्या दोन रांगा, प्रत्येकी चाळीस. दोघांनी एकदम सुटायचं, आपापल्या रांगेतून नागमोडी खाली यायचं. शंकू जागचा हलला की वेळेत दोन दशांश सेकंदांची भर. रस्त्याचं पाणी वाहून जावं म्हणून तो डावीकडे कललेला. डावी रांग नेहमीच द्वाड. म्हणून पहिल्या वर्षापासूनचा नियम होता, दोन्ही रांगा धावल्याशिवाय कुणाचाही निकाल लावायचा नाही. दोन्हींची बेरीज धरायची.

यंदा भाच्याने आणखी एक नियम केला. पन्नाशीच्या पुढच्यांनी घरातल्या जबाबदार व्यक्तीची सही आणायची.

पन्नाशीच्या पुढची एकटी आत्याच होती.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या वर्षी डाव्या रांगेत ती पडली, मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, काच धरता येईना, कारखान्याने तिला डब्या बांधायला बसवलं. ते दिवस तिने कसे काढले हे तिने कुणाला सांगितलं नाही. पण हाड मोडल्याचा आवाज भाच्याने ऐकला होता.

शुक्रवारी रात्री जेवताना तो कागद टेबलावर पडला. दादाने हातही लावला नाही.

"मी सही करणार नाही. वय काय, करतेस काय!"

"तुझ्याकडे मागितली कुणी?" आत्या म्हणाली.

"जबाबदार व्यक्ती लिहिलंय त्यात."

"या घरातली जबाबदार व्यक्ती मीच आहे. गॅस बंद केला का ते रोज कोण बघतं? तू तर चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतोस."

वहिनीने हसू दाबलं. "आण इकडे, मी करते सही."

"नको वहिनी. पाय माझे, सही कुणाचीच नको."

भाचा मान खाली घालून जेवत होता. "मग उद्या तू फक्त आखणी कर, आत्या," तो म्हणाला. "तुझ्यासारखी कुणाला जमत नाही."

"हो ना," ती म्हणाली. "हळद लावायला मी आणि मिरवायला तुम्ही." आणि ताट उचलून आत गेली.

शनिवारी उजाडताच ती उतारावर होती. टेपने अंतर मोजायचं, शंकू ठेवायचा, त्याच्या बुडाभोवती खडूने गोल काढायचा. खडूला ती कारखान्याच्या दगडावर टोक करून आणायची; तिच्या रेषा केसासारख्या बारीक. शंकू हलला तरी त्याचं बूड रेषेला टेकून असेल तर तो उभा धरायचा. रेष सुटली की दंड. ऐंशी गोल काढायला तिला दोन तास लागले. मग तिने गुडघे झटकले, पिशवीतून हेल्मेट काढलं आणि शर्यत सुटते तिथल्या लाकडी फळ्यांवर जाऊन उभी राहिली.

भाचा धावत वर आला. "आत्या, कागद?"

"नाही."

"मग मी सोडू शकत नाही. नियम आहे."

"कुणी केला?"

"मी."

"मग मोडायलाही तूच लागशील. थांबते मी."

मागे पोरापोरींची रांग लागली. घड्याळापाशी बसलेले मास्तर, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले, शिट्टी तोंडातून काढून म्हणाले, "भांडण संध्याकाळी करा. बाईंना पळवून बघ. तोल सांभाळून चाळीस सेकंदांच्या आत दोन्ही रांगा झाल्या, तर कागद कशाला हवा?"

भाच्याने उताराकडे पाहिलं, मग तिच्या मनगटाकडे. "आधी डावी," तो म्हणाला. अजूनही ती नाही म्हणेल असं त्याला वाटत होतं.

"डावीच," ती म्हणाली.

ती सुटली. वरून पाहणाऱ्यांना फक्त तिची पाठ दिसत होती, कमरेतून डावी-उजवी होणारी, फळीवरून पाय कधी न उचलणारी. गेल्या वर्षी जिथे पडली तिथे, एकतिसाव्या शंकूपाशी, चाक किंचित घसरलं. तिने गुडघे वाकवले, हात पसरला, निघून गेली.

"एकोणीस पूर्णांक नऊ!" मास्तर ओरडले. टाळ्या पडल्या.

एकतिसावा शंकू मात्र सरकला होता. भाचा त्याच्यापाशी ओणवा झाला. बराच वेळ पाहिलं आणि उठून म्हणाला, "रेषेला टेकलाय. उभा आहे." त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की आत्याला तो बारा वर्षांचा दिसला.

ती चालत वर आली. रस्त्यावर पालथी झाली, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं.

"फट आहे."

"आत्या, टेकलाय तो!"

"केसभर फट आहे. ये, बघ. खडूचं पांढरं संपतं, मग काळा रस्ता दिसतो, मग बूड."

"तू नक्की कुणाच्या बाजूची आहेस?"

"रेष मी काढलीय," ती म्हणाली. "ती कुठे संपते ते मला माहीत नसणार?"

मास्तरांनी दोन दशांश वाढवले. वीस पूर्णांक एक. म्हणजे उजवीकडे एकोणीस पूर्णांक नऊच्या आत यायला हवं होतं. भाचा हळू म्हणाला, "झालं ना आता? बस खाली. पाणी पी. सगळ्यांनी पाहिलं तुला."

आत्याने फळी काखेत मारली आणि चढ चढू लागली.

"कुठे चाललीस?"

"उजवी रांग राहिलीय."

"आत्या, तुझा गुडघा थरथरतोय."

"थरथरू दे. तो खाली येईपर्यंत माझ्याबरोबरच येणार आहे." मग मागे न बघता, "नाचता येईना अंगण वाकडं म्हणशील. पण हे अंगण खरंच वाकडं आहे, म्हणून तर नियम केला आपण. का आता तोही तुझा एकट्याचा?"

तिच्यामागे कुणीतरी हसलं. भाचा हसला नाही. तो तिच्या आधी वर पोचला, सुरुवातीच्या फळ्यांसमोर उभा राहिला. मग त्याने खाली वाकून तिच्या हेल्मेटचा पट्टा ओढून पाहिला, एक घर घट्ट केला आणि बाजूला झाला.

या वेळी टाळ्या लगेच पडल्या नाहीत. सगळे आधी शंकू बघत होते. चाळीसच्या चाळीस आपापल्या गोलात. मास्तरांनी आकडा दोनदा वाचला: एकोणीस पूर्णांक सहा.

रविवारी जोड्यांच्या शर्यतीत ती पहिल्याच फेरीत हरली, तिच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वयाच्या पोरीकडून, आणि चांगली सणसणीत हरली. पोरीने वाकून माफी मागितल्यासारखं काहीतरी केलं. आत्या म्हणाली, "माफी कसली मागतेस? खांदे आधी वळवतेस तू, ते सुधार." भाच्याने तो कागद मुद्दाम फाडला वगैरे नाही, त्याच्या पाठीवर उरलेल्या फेऱ्यांच्या जोड्या लिहिल्या.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दादा टीव्हीसमोर बसला होता. त्याने आवाज कमी केला. पडद्यावरून नजर न काढता विचारलं, "पडलीस?"

"नाही."

"दुखतंय कुठे?"

"मुळीच नाही."

ती ताठ चालत स्वयंपाकघरापर्यंत गेली, दाराची चौकट धरली, आणि दादाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "वहिनी, गरम पाण्याची पिशवी कुठे ठेवलीस गं?"