पहिली गोळी मोजायची नाही

पद्मजाला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. आयर्लंडमध्ये पोर्टलीशजवळच्या एका कारखान्यात ऑपरेशनला लागणारी बारीकसारीक उपकरणं बनतात, तिथे ती मापनाची इंजिनिअर आहे. केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी चूक पकडायची हा तिचा धंदा, आणि धंदा घरी आणू नये हे तिला कोणी शिकवलेलं नाही. चहात दूध घालते तेही ग्रॅममध्ये. नवरा आशुतोष इथल्याच हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. तो म्हणतो, "मी निदान भूल देऊन सुया टोचतो, ही जागेपणी टोचते."

स्लीव्ह ब्लूम डोंगरांच्या पायथ्याशी त्यांचं घर, आणि कुंपणापलीकडे फिंटन डिलेनी. वय चौऱ्याहत्तर, बायको गेलेली, मेंढ्या भाच्याला देऊन टाकलेल्या. पद्मजा त्यांना घरात फिंटनकाका म्हणते. तोंडावर नुसतं फिंटन, कारण बोलणं सगळं इंग्रजीत. पण मनातल्या मनात ती त्यांना अहो-जाहोच करते. दर रविवारी ती त्यांच्याकडे पोहे घेऊन जायची आणि ते चहा करायचे. तिला मगभर द्यायचे आणि स्वतः अर्धाच घ्यायचे. तिला वाटायचं, म्हातारा चहाच्या पावडरीला जपतो.

काकांकडे एक जुनी शिकारी रायफल आहे, सेमी-ऑटोमॅटिक. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप जागेवर येते, दर वेळी हाताने बोल्ट ओढावा लागत नाही. तरुणपणी बैलाने त्यांचा उजवा खांदा मोडला होता, तो हात छातीवर वळत नाही, म्हणून बोल्टची बंदूक त्यांच्या कामाची नाही. ही बंदूकही आता नव्याने परवान्यावर मिळत नाही. जुनी आहे तोवर आहे, एकदा दिली की गेली. डोंगरावरून हरणं उतरतात आणि काकांनी लावलेल्या ओकच्या रोपांचे शेंडे खाऊन जातात. हंगामात दोन-तीन हरणं मारायची आणि मटण अर्ध्या गावाला वाटायचं, असं चाळीस वर्षं चाललेलं होतं.

गेल्या नोव्हेंबरात मात्र एका मादीला गोळी चुकीची लागली. काका आणि त्यांचा कुत्रा दोन दिवस ती मादी शोधत होते आणि ती सापडली पद्मजाला, मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली. पोट फाटलेलं होतं आणि डोळे उघडे होते. पद्मजाला बघून ती उठायला गेली, ते तिला जमलं नाही. काका येईपर्यंतची ती पंधरा मिनिटं पद्मजा आयुष्यात विसरणार नाही. काकांनी काम संपवलं आणि तिथेच ओल्या गवतात बसून राहिले.

"आणखी एकदा असं झालं," ते म्हणाले, "तर मी ही गार्डांकडे जमा करून टाकीन." गार्ड म्हणजे इथले पोलीस.

नेमबाजीच्या क्लबातले लोक म्हणाले, अरे, सेमी-ऑटोचा नेम असाच कच्चा. आत एवढे भाग हलतात, त्यांचा काय भरवसा? काकांनी ते लगेच उचलून धरलं. दोष बंदुकीचा आहे आणि ती भटकते, असं ते वर्षभर सांगत राहिले. पद्मजाला ते 'कच्चा' काही पटेना. कच्चा म्हणजे किती? कुठल्या दिशेला? कोणी मोजलंय?

"मी मोजून देते," ती म्हणाली. झालं.

ऑक्टोबरच्या एका शनिवारी ती त्यांच्याबरोबर नेमबाजीच्या मैदानावर गेली. परवाना त्यांच्या नावाचा, म्हणून तिने बंदुकीला बोटही लावलं नाही. काकांनी वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवली आणि शंभर मीटरवरच्या कागदावर पाच गोळ्या मारल्या. मग नळी गार होईपर्यंत पाऊण तास गाडीत बसून थर्मासमधला चहा. मग नवा कागद आणि पुन्हा पाच गोळ्या. असे पाच कागद झाले, दिवस गेला. प्रत्येक कागदावर तेच: चार भोकं उजवीकडे खाली एकत्र आणि पहिलं वेगळंच, एकटं, त्यांच्यापासून वर. पद्मजाने लाल पेनाने त्या पहिल्या भोकावर फुली मारली आणि बाकीच्या वीस गोळ्यांची सरासरी काढली. सात सेंटिमीटर चूक निघाली. तिने आकडे सांगितले, काकांनी दुर्बिणीचे स्क्रू फिरवले.

"आणि पहिली गोळी?" त्यांनी विचारलं होतं.

"पहिली आम्ही कधीच मोजत नाही, फिंटन."

काका क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ग्रँड. इंजिनिअर तू आहेस."

तिने तारीख आणि सही टाकून तक्ता केला आणि तो त्यांच्या स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या दाराला आतून चिकटवला, पाचही कागद आतच ठेवले. इथे कपाटाला प्रेसच म्हणतात, आता तिच्याही तोंडात तेच बसलंय. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं: पास.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, गुरुवारी, सकाळी सातची पाळी. काकांनी आदल्या रविवारीच सांगितलं होतं, गुरुवारी उजाडताना वरच्या कुरणात जाणार. पद्मजाने अंगभर पांढरा गाऊन चढवला, मशीन सुरू केलं, पहिला तुकडा बाहेर आला. नियमाप्रमाणे तिने तो लाल डब्यात टाकला. मशीन तापेपर्यंतचा माल धरायचा नसतो, अकरा वर्षं ती हेच करत आलीय. दुसरा तुकडा उचलायला हात पुढे गेला आणि तिथेच थांबला.

हरणासमोर बंदूक तापलेली असते कधी?

थंडीत, दवात, उजाडताना माणूस एकच गोळी मारतो. पहिली. जी तिने पाचही वेळा खोडली ती. दुर्बीण आता सात सेंटिमीटर सरकलेली होती, तापलेल्या नळीच्या हिशोबाने. हरणाचं काळीज केवढं असतं? सात सेंटिमीटरने चुकलं तर काय लागतं? अंगणात पडलेल्या मादीने उठायचा केलेला प्रयत्न तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

गाऊन फेकून ती लॉकरकडे धावली. काकांचा फोन वाजत राहिला. तो नेहमीप्रमाणे खिडकीत चार्जिंगला असणार. मग आशुतोष.

"अगं, हरणच ना शेवटी? मी स्वरांगीचा शाळेचा डबा भरतोय."

"आशू, बाहेर बघ. त्यांची जीप आहे का?"

"नाहीये. पद्मजा, झालंय काय?"

"मी चुकलेय," ती म्हणाली. हे वाक्य त्याने लग्नाच्या चौदा वर्षांत ऐकलं नव्हतं.

वीस मिनिटांचा रस्ता. वाटेत पुढे ट्रॅक्टर, बाजूने जायला जागा नाही. काच अर्धी खाली घेऊन ती कान देत होती, बार ऐकू येतोय का. आकाश राखाडी होत होतं. देवा, आज तरी त्यांना उशिरा जाग आली असू दे, ती मोठ्याने म्हणाली. देवाचं नाव ती गणपतीच्या दहा दिवसांतच घेते, एरवी नाही.

वरच्या कुरणाच्या फाटकाशी जीप उभी होती. बंदूक हातात असलेल्या माणसाच्या समोरून, अंधुक उजेडात पळत जाण्याइतकी ती वेडी नव्हती. कुरणाच्या टोकाशी झाडीतून चार-पाच आकृत्या उतरत होत्या. पुढची मादी थांबली आणि तिने मान वर केली. एवढी स्थिर उभी राहिली की पद्मजाला कळलं, आता.

तिने दोन्ही हात हॉर्नवर टाकले आणि काढलेच नाहीत.

हरणं एका उडीत झाडीत गेली. दूर कुत्रा भुंकायला लागला. बार झाला नाही. काका बांधामागून उठून, बंदूक रिकामी करून, सावकाश खाली आले. रागावले असतील असं तिला वाटलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्यानेच ती जास्त घाबरली.

"तक्ता चुकीचा आहे," ती धापा टाकत म्हणाली. "मी चुकले. घरी चला, दाखवते."

स्वयंपाकघरात तिने प्रेसमधून पाचही कागद काढले, एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या आणि खिडकीच्या काचेवर धरले. बाहेर आता चांगलं उजाडलं होतं. पाच लाल फुल्या एकमेकींवर आल्या. अगदी मधोमध. तिने खिशातलं दोन युरोचं नाणं त्यांच्यावर धरलं आणि सगळ्या झाकल्या गेल्या.

"बघा! भटकतात त्या नंतरच्या गोळ्या. गार नळीची पहिली गोळी दर वेळी बरोबर मध्ये गेलीय. बंदूक कच्ची नाहीच, फिंटन! ती कधीच कच्ची नव्हती. मीच तिला बिघडवली. स्क्रू परत होते तिथे आणले की..." उत्साहात ती बोलत राहिली आणि मग तिला ऐकू आलं ती काय बोलतेय ते.

काका नाण्याकडे बघत होते.

"मैदानावर ती पिशव्यांवर ठेवली होती," ते म्हणाले.

पद्मजाने नाणं खाली घेतलं.

"म्हणजे गेल्या वर्षी बंदूक ठीक होती."

तिला काहीतरी बोलायचं होतं. तेव्हा दुर्बिणीला धक्का बसला असेल, वारा असेल, गोळीच खराब निघाली असेल. पण समोर पाच कागद होते, तिच्याच हाताने तारीख घातलेले, आणि त्यांतून यातलं काही निघत नव्हतं. तिला स्वतःची चीड आली.

"मला ठाऊक होतं," काका म्हणाले. "तू पहिली खोडलीस तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, इंजिनिअरही म्हणतेय बंदुकीचंच चुकतंय."

त्यांनी किटली उचलली. तिचा मग भरला. मग आपला घेतला आणि अर्ध्यावर थांबले. तोंडाशी नेताना त्यांच्या हाताच्या कापऱ्याने तो अर्धा चहा मगाच्या काठाला लागत होता, तरी सांडला नाही. तेवढ्यासाठीच तो अर्धा होता. तीन वर्षं दर रविवारी ती समोर बसली होती आणि तिला ते दिसलं नव्हतं.

"सोमवारी मला पोर्टलीशला सोडशील?" त्यांनी विचारलं. "गार्डांकडे. मी फोन करून ठेवतो, नियमाने काय करायचं ते. परत येताना जीप एकट्याने चालवायची नाहीये मला."

"हो," ती म्हणाली. "रजा टाकते."

काकांनी प्रेसचं दार उघडलं आणि तक्ता काढून तिच्यापुढे ठेवला, पेनासकट. "दुरुस्त करून टाक," ते म्हणाले. "बंदुकीवर उगाच ठपका नको."

पद्मजाने सात सेंटिमीटर खोडलं आणि त्याच्यापुढे शून्य लिहिलं. मग त्याखाली आजची तारीख घातली आणि सही केली.