पोखर्णीच्या व्हॅनचं गणित

गणितात गाडी आली की वाघमारे मॅडम फळ्याकडं वळण्याआधी विचारायच्या, "आत कोण बसलंय?" पुस्तकात नुसतं 'एक ट्रक' असायचं. आम्ही बारावीच्या पोरी खुदूखुदू हसायचो, मॅडम मात्र खरंच उत्तराची वाट बघायच्या. उसाचा ट्रॅक्टर चढावर का अडखळतो, हे विचारायला त्या एकदा भर रस्त्यात रिक्षातून उतरल्या होत्या.

त्या वर्षी डिझेल महागलं. पोखर्णी आणि आसपासच्या गावांतून आम्हाला परभणीच्या कॉलेजात नेणाऱ्या व्हॅनचं भाडं वाढणार, अशी बातमी आली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लगेच सांगून टाकलं, भाडं वाढलं तर कॉलेज बंद, लय शिकलीस. मॅडमना सांगितलं, तर त्यांचे डोळेच चमकले! मला असा राग आला म्हणता. इथं माझं शिक्षण बुडायलंय आणि यांना गणित सापडलंय.

मग आठवडाभर त्या ड्रायव्हर रफिकभाईंच्या शेजारी बसून वेगाच्या आणि डिझेलच्या काट्यावर नजर ठेवून होत्या. नंतर फळ्यावर मांडलं: गाडी जोरात पळवली तर डिझेल जास्त, फारच सावकाश नेली तर रफिकभाईंची मजुरी जास्त. मधला एक वेग असा, की खर्च सगळ्यात कमी. डेरिव्हेटिव्ह शून्य धरलं आणि तो वेग निघाला, रोजच्यापेक्षा सावकाश. रफिकभाईंनाही हिसाब पटला. भाडं वाढणार नव्हतं. फक्त सकाळी अर्धा तास लवकर निघावं लागणार होतं.

तिथंच घोडं अडलं. माय पहाटेच कापूस वेचायला जायची, आणि त्या अर्ध्या तासात घरच्या भाकरी मी थापायची. अण्णा म्हणाले, मग राहू दे कॉलेज.

हे ऐकून मॅडमनी फळ्यावरच्या एकेका आकड्यावर बोट ठेवलं. "डिझेल धरलं, ड्रायव्हर धरला. तुझा अर्धा तास मी फुकटच धरला की गं."

रविवारी त्या आमच्या घरी आल्या. मला वाटलं, आता अण्णांना चार शब्द सुनावणार. छे! चहा घेतला आणि गणित अडलेल्या पोरासारखं विचारलं, "भाऊ, पोरीच्या अर्ध्या तासाची किंमत काय धरू? तुमीच सांगा."

अण्णांनी डोकं खाजवलं. पोरीच्या टायमाला कसली आलीय किंमत, म्हणाले.

एरवी पाहुण्यांपुढं न बोलणारी माय चुलीपासून बोलली, "माझ्या टायमाची बी किंमत कुणी धरली न्हाई. तिच्या टायमाची धरा. भाकरी मी करते, रानात उशिरा जाईन."

अण्णा खाली बघत "बरं" म्हणाले. माय चुलीपासून उठून दारात आली. मॅडम उभ्या राहिल्या, वर्गात गुरुजी आल्यावर पोरं उभी राहतात तशा.