चुकवलेले दार

सुलभाताईंना मी पहिल्यांदा पाहिले ते हिंदी मुलखातल्या आमच्या रांझीच्या घरी, हळदीकुंकवाच्या सतरंजीवर. तोवर माझी शाळा घरातच होती. आई वाचायला शिकवायची, बाबा कारखान्यातून आले की पाढे म्हणून घ्यायचे, आणि बाहेरच्या मुलांच्या हिंदीला मी घाबरायची. ताईंनी मला जवळ बसवून माझे पुस्तक मागितले आणि म्हणाल्या, "मला वाचून दाखव बरं, माझा चष्मा घरी राहिला." चष्मा त्यांच्या पर्समध्येच होता, हे पुष्कळ वर्षांनी कळले. त्यानंतर माझे बोट धरून मला शाळेत नेणाऱ्याही त्याच.

त्या शाळेत ताईंनी निवृत्त होईपर्यंत इतिहास शिकवला. पण आमच्या वस्तीत त्यांचे नाव झाले ते दारूच्या दुकानामुळे. पगाराच्या दिवशी दुकानासमोर पुरुषांची रांग लागे आणि संध्याकाळी घराघरांतून बायकांचे रडणे ऐकू येई. ताईंनी महिला मंडळाच्या बायकांना गोळा केले, दुकानापुढे धरणे धरले, शिव्या आणि टोमणे सोसले, आणि शेवटी दुकान हलले. त्या दिवशी आमच्याकडे श्रीखंड झाले होते. हे यश खरे होते आणि आजही मला त्याचा अभिमान आहे. पुढचे लिहिताना मात्र मान खाली जाते.

दुकान गेले तरी पिणे गेले नाही. पुरुष मोटरसायकलवर पनागर गावाच्या बाजूला जाऊ लागले. कुठे तयार झाली कोणालाच ठाऊक नसलेली दारू पिशव्यांतून वस्तीत येऊ लागली. मग मंडळाने नियम केला: ज्या घरात पितात, त्या घरच्या बाईला संक्रांतीचे हळदीकुंकू नाही, वाण नाही. बायको लाजली की नवऱ्याला आवरेल, असा हिशोब होता. ठराव मांडणाऱ्या ताईच होत्या. एकाही बाईने विरोध केला नाही.

आमच्या शेजारी शोभाकाकू राहतात. त्यांच्या नवऱ्याला सारी वस्ती मामा म्हणते. त्या संक्रांतीला माझी आई कुंकवाचा करंडा घेऊन निघाली, आणि काकू उंबऱ्यात उभ्या असताना पुढच्या घरी गेली. पुढच्या वर्षी मामांनी सोडल्याचे काकूंनी मंडळाला सांगितले आणि त्यांना बोलावणे आले. नेमके त्याच आठवड्यात मामा कुठून तरी पिऊन आले. डोळ्यांपुढे धुके आल्यासारखे वाटते, असे म्हणू लागले. पूर्वी काकूंनी हाक मारली असती आणि आम्ही धावलो असतो. आता हाक मारली असती तर बोलावणे गेले असते. त्यांनी दार लावून घेतले आणि मामांना लिंबूपाणी पाजत राहिल्या. दवाखान्यात नेईपर्यंत मामांची दृष्टी गेली होती.

त्यानंतर काही दिवसांनी ताई आमच्या वर्गात जर्मनीतल्या यहुद्यांच्या संहाराचा धडा शिकवत होत्या. शेजाऱ्यांनी आधी त्यांच्या दुकानात जाणे सोडले, मग रस्त्यात नमस्कार करणे सोडले, असे सांगत होत्या. एका मुलाने विचारले, "मैडम, लोग चुप क्यों रहे?" ताई म्हणाल्या, "कई तो चुप भी नहीं थे, बेटा. उन्हें लगता था, अच्छा काम कर रहे हैं." खडू ठेवून त्या खुर्चीवर बसल्या. त्या दिवशी धडा पुढे गेला नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी मंडळाची बैठक बोलावली, नियम रद्द करायला लावला आणि अध्यक्षपद सोडले. माझ्या आईला ते पटले नाही. ती म्हणाली, "ताई, आपण कोणाला मारलं तर नाही."

"नाही मारलं. दार चुकवलं," ताई म्हणाल्या. "तो संहार आणि आपलं हे एका तराजूत घालायचं नाही, ते मलाही कळतं. पण त्याच्याकडे बोट दाखवून आपलं लहान करायचं, हेही नको. सुरुवात कशी होते ते मीच पोरांना शिकवून राहिली ना?"

दारूबद्दलचे ताईंचे मत आजही बदललेले नाही. पण कोणी पिऊन आजारी पडला तर काय प्यायला, कुठे प्यायला हे न विचारता त्या रिक्षा बोलावतात. पेपर हाती घेऊन मामांना बातम्या वाचून दाखवतात. आणि दर संक्रांतीला पहिले वाण घेऊन शोभाकाकूंच्या दारी जातात. काकू दार उघडतात, पाणी देतात, बसायला सांगतात. वाण घेत नाहीत. माझी आई अजूनही त्या दारापुढून पदर सावरत भरभर निघून जाते.

ताईंसाठी निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या मसुद्यात त्यांना 'दारूमुक्त वस्तीच्या शिल्पकार' म्हटले होते. ताईंनी तो परत पाठवला. शोभाची हकीकत छापणार नसाल तर माझीही छापू नका, असा निरोप दिला. म्हणून परवानगी मागायला मी काकूंकडे गेले. काय बोलायचे ते घरून पाठ करून गेले होते.

काकू मेथी निवडत होत्या. "लिही, बाई," त्या म्हणाल्या. "पण शोभानं माफ केलं असं नको लिहू. मी नाही केलं."

मी विचारले, मग ताईंनी येणे थांबवावे का?

"काहून थांबवावं? येत राहो म्हणा. पुढच्या साली पाहू."

आतून मामा म्हणाले, "ताई आल्या की चहात साखर पडते. ते बी लिही."

लिहिले आहे. सुलभाताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि त्यांचे गुडघे शेवटपर्यंत साथ देवोत. काकूंच्या घराची पायरी उंच आहे, आणि वाण अजून ताईंच्याच हातात आहे.