लाल इअरफोन की काळा

मला कुठलीही वस्तू पटकन घेता येत नाही. साधा मिक्सर घ्यायला गेले तरी दुकानदाराचा जीव मेटाकुटीला येतो. त्यामुळे आईसाठी इअरफोन घ्यायचं मी जाहीर केलं, तेव्हा घरच्यांनी आधीच हात जोडले.

आई वारूळवाडीच्या पलीकडे मळ्यात राहते. वडील गेल्यापासून एकटी, सोबतीला दोन गाई. रोज उजाडायच्या आत दुधाचा कॅन घेऊन ती डेअरीवर जाते आणि ती वाट दोन्ही बाजूंच्या उसातून जाते. उसात बिबट्या असतो. आमच्या भागात हे कुणाला सांगावं लागत नाही. अंधारात जाणारा माणूस आवाज करत जातो. पूर्वी लोक काठी आपटायचे, मोठ्यानं खोकायचे. आता मोबाईलवर गाणी लावतात. माणूस येतोय हे कळलं की बिबट्या बहुधा बाजूला होतो. आई भजन लावून जायची.

एका रविवारी फोनवर ती म्हणाली, "फोनचा आवाज लई फाटलाय गं. भजनातला बुवा पडशानं बेजार झाल्यावानी वाटतोय."

मी हसले, पण मग वाईट वाटलं. जन्मभर राबलेल्या बाईला एक भजन धड ऐकू येऊ नये? चांगला इअरफोन घेऊन द्यायचा, मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. स्पीकर बदलून मिळतो हे डोक्यातही आलं नाही, आणि ती भजन कशासाठी लावायची तेही नाही. पंधरा वर्षं मंचरच्या बाजारपेठेत राहून मी काय काय विसरले होते, देव जाणे.

दुकान अगदी हायवेवर. दुकानदार भाऊ जुन्नरचे, वडिलांपासूनचा रेडिओ दुरुस्तीचा धंदा. त्यांनी काचेवर इअरफोन मांडले आणि माझं डोकं गरगरायला लागलं. एकाचा बास जास्त, एकाचा आवाज मोकळा, एकाची वायर गुंतत नाही. खोक्यावरचे आकडे वाचून कळेना, मोबाईलवर लोकांची मतं वाचली तर आणखी कळेना. एक म्हणतो पैसे वसूल, त्याच्याच खाली दुसरा म्हणतो पैसे पाण्यात.

"ताई, वाचू नका, ऐका," दुकानदार वैतागून म्हणाले.

शेवटी दोन उरले. काळा अगदी स्वस्त, कानात नुसता टेकणारा. लाल त्याच्या सहापट महाग, रबरी बोंड असलेला, कानात घट्ट बसणारा. लाल घातला आणि पखवाजाची थाप छातीत उतरली. पेटीवाला पट्टीवरून बोट उचलतो तेसुद्धा कळत होतं. मी वर बघितलं तर समोरून कांद्याचा ट्रक चालला होता आणि त्याचा आवाजच नव्हता. मी थक्क झाले. तरीही वाटलं, सहापट पैसे दिले तर आवाज सहापट चांगला आहे का? दुप्पट असेल फार तर. मग दुप्पट चांगला की सहापट महाग, याचा हिशेब मला जमेना.

"दोन्ही न्या. आईंना वापरू द्या, नको तो परत आणा," दुकानदार म्हणाले. मला वाटतं, त्यांना दुकान बंद करून जेवायला जायचं होतं.

दोन्ही आईकडे पोचते केले आणि मी रोज संध्याकाळी फोन करायला लागले. एरवी आमचं बोलणं रविवारचं, तेही पाच मिनिटं. आता चौकशी सुरू झाली. आज कोणता घातला? आवाज कसा होता?

"लालात लई मोठा येतो. काळ्यात बारीक."

"मग लाल चांगला ना?"

"काळा बरा हाय."

"बारीक आवाजाचा बरा?"

"त्यात भाईरचं पण ऐकू येतं."

"आई, तोच तर त्याचा दोष आहे!"

मी चिडले. विचारता विचारता कळलं की लालसुद्धा ती एकाच कानात घालते. दुसरं बोंड बंद असेल म्हणून मी दुकानात जाऊन भांडून आले. ते बंद नव्हतंच. मग आईला बजावलं, "दोन्ही कानांत घाल, तरच फरक कळेल." दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, घातले. कोणता ठेवायचा म्हटलं, की म्हणायची, "आजून दोन दिस बघते." मला काही कळेनासं झालं. मी दोन तासांत दोनावर आले होते आणि हिला पंधरवड्यात एक ठरवता येईना.

शेवटी शनिवारी मीच मळ्यात मुक्कामाला गेले. पहाटे ती निघाली तेव्हा मी चप्पल शोधत मागे राहिले. बाहेर आले तर ती बरीच पुढे गेली होती. घरातून निघतानाच तिनं दोन्ही कानांत लाल बोंडं घातली होती, हातात कॅन होता. पाठीमागे ऊस सळसळत होता आणि वाटेवर भजन नव्हतं. एकदम टिटवी ओरडायला लागली. आमच्याकडे पूर्वी मेंढरं होती. टिटवी अशी ओरडली की जवळपास जनावर आहे असं समजून आई जागच्या जागी थांबायची, कुठल्या अंगाला ओरडते ते आधी ऐकायची. त्या पहाटे ती थांबली नाही. मी हाक मारली. दुसरी मारली. ती चालतच राहिली.

मी ओरडत धावले आणि तिच्या कानांतली वायर ओढून काढली.

"अगं, दूध सांडंल!"

"सांडू दे! टिटवी ओरडते आहे, ऐकू येत नाही तुला? उसात काय असतं ते माहीत नाही?" मी रडत होते की ओरडत होते, मला आठवत नाही.

"मला म्हाईत न्हाई व्हय?" आई शांतपणे म्हणाली. "पर तू म्हनलीस ना, दोन्ही घाल म्हून. सांजच्याला इचारणार, मंग खोटं कसं सांगू?"

"मग काळाच हवा, हे सांगून टाकायचं!"

तिनं कॅन खाली ठेवला, पदरानं हात पुसले. "सांगितलं आसतं तर तुझा रोजचा फोन बंद झाला आसता."

टिटवी अजून ओरडत होती. मी मोबाईल काढून हाताला लागलं ते गाणं मोठ्यानं लावलं आणि आम्ही दोघी डेअरीपर्यंत गेलो.

सोमवारी लाल इअरफोन परत करून आईच्या फोनचा स्पीकर बदलून घेतला. त्याला दहा मिनिटं लागली. तो लगेच तिला पोचता केला आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळी मी फोन लावला.

"हां, बोल," आई म्हणाली.

विचारायला काहीच नव्हतं. आवाज कसा येतो, कोणता बरा, सगळे प्रश्न संपले होते आणि ती तिकडे फोन कानाला लावून थांबली होती.

"आज कालवण काय केलंस?" मी विचारलं.