उघडी राहिलेली मिठाची रास

ठाण्याच्या खाडीकाठी आमचे मिठागर होते. वैशाख सरता सरता तिथली हवा इतकी जड होई की अंगावरचा घाम वाळत नसे आणि वाफ्यात मीठही धरत नसे. दुपारी पारसिकाच्या डोंगरामागून ढग चढत, गडगडत आणि न बरसताच कल्याणकडे निघून जात. त्या वर्षी रोज हेच चालले होते. माणसे उकाड्याने गळून गेली होती.

वळीव येण्याआधी मिठाच्या राशी गवताने शाकारून घ्यायच्या, ही आमची रीत. त्या दुपारी थोरला भाऊ गवताचे भारे उचलू लागला. मी सावलीतूनच म्हणालो, "दादा, हे पाहुणे रोज दारावरून जातात. जेवायला कल्याणलाच जाणार. बस की जरा!"

"आणि आज इथेच पंगत मांडली तर?"

"तर मी वाढीन!"

माणसे हसली आणि आडवीच राहिली. एवढी मोठी रास एकट्याने शाकारणे शक्य नव्हते. नाइलाजाने तोही बसला.

त्या दिवशी ढग पुढे गेलेच नाहीत. निम्मी रास विरघळून खाडीला मिळाली.

कारभार थोरल्याचा, म्हणून गावाने आळशी ठरवले त्यालाच. त्याने कधी माझे नाव घेतले नाही आणि मीही ते पुढे येऊ दिले नाही. तो गेला, तरी त्याच्या नातवंडांना लोक अजून 'आळशाची पोरे' म्हणतात. त्यांनी मी लिहिलेले हे कोणाकडून तरी वाचून घ्यावे. पोरांनो, त्या दुपारी कामाला उठलेला तुमचा आजा एकटाच होता आणि त्याला मी बसवले.