अंदाजेसाहेबांचे वर्णन

वर्णन येणेप्रमाणे : पुरुष, वय अंदाजे पासष्ट, बांधा सडपातळ, उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेनने पडलेला घट्टा. व्यवसाय, निवृत्त होईपर्यंत, पंचनामे लिहिणे. खात्री झाल्याशिवाय बोलण्याची सवय नाही.

कचेरीत त्यांना सगळे 'अंदाजेसाहेब' म्हणत. मोजपट्टी हाती नसली की प्रत्येक आकड्याआधी ते हा शब्द घालत. दिसले ते लिहावे, वाटले ते लिहू नये, हा त्यांचा एकमेव नियम. जमिनीवर रक्ताचं थारोळं असलं तरी कागदावर 'रक्तासारखा दिसणारा तांबडा डाग' एवढंच उतरे. मेलेल्या माणसालाही ते डॉक्टर येईपर्यंत 'निपचित पडलेला इसम' म्हणत.

काचबिंदूनं बायकोची नजर गेली, तेव्हा हीच विद्या घरात कामाला आली. खिडकीपाशी उभं राहून ते तिला रस्ता सांगत. "इसम एक, सायकलवरून, दक्षिणेकडे."

"अहो, तुमचं ऐकलं की वाटतं, खाली कुणाचा तरी मुडदा पडलाय," ती म्हणायची.

हसायची, पण आतून ती धास्तावली होती. आधी पाहिलेलंही आता पुसट होत चाललं होतं. लहानपणी गेलेल्या वडिलांचा चेहरा तिला आठवेना. एक चित्र मात्र शाबूत होतं : त्यांच्या मांडीवर बसून पाहिलेल्या सिनेमाची सुरुवात. रिकामी खोली, टेबलावर कप, कपातून निघणारी वाफ. वडील कानात म्हणाले होते, "वाफ आहे ना अजून? म्हणजे माणूस इथंच कुठंतरी आहे, बाळ."

तोच सिनेमा गावातल्या जुन्या थिएटरात पुन्हा लागला. "मला एवढंच बघून सांगा," ती म्हणाली. "वाफ खरी निघाली, तर बाकीचंही मी मनानं रचलेलं नसेल."

सिनेमाआधी एका प्राध्यापकांचं भाषण झालं. रिकामी खुर्ची म्हणजे ढासळलेली सत्ता, उघडं दार म्हणजे इतिहास. कपापर्यंत ते पोचले नाहीत, वेळ संपली.

"दार उघडं आहे, एवढं कळलं," ती पुटपुटली. "आता तुम्ही बोला."

अंधार झाला. पडद्यावर कुणी बोलत नव्हतं, संगीतही नव्हतं. अंदाजेसाहेबांनी घसा खाकरला.

"खोली एक. अंदाजे बारा बाय दहा. खिडकी एक, पूर्वेस."

"पूर्व कशी कळली?"

"उजेड सकाळचा वाटतोय." मग घाईघाईनं, "वाटतोय म्हणजे, खात्री नाही."

मागून आवाज आला, "काका, सिनेमा सुरू झालाय."

"म्हणूनच बोलतायत ते," ती मागे न वळता म्हणाली.

"खुर्ची एक, रिकामी. टेबल एक, लाकडी. टेबलावर कप एक."

तिनं त्यांचं मनगट घट्ट धरलं. "आणि?"

"बशी एक."

"अहो, आणि?"

कॅमेरा कपाशी जाऊन थांबला होता. कप आता पडदाभर होता. साहेबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. कप होता तिथंच होता. तिनं मनगटाला हळूच हिसका दिला.

"वाफ येतेय," ते म्हणाले.

"अंदाजे?"

"नाही. स्पष्ट दिसतेय."

तिनं मनगट सोडलं. पुढचा सिनेमा तिनं विचारलाच नाही. घरी परतताना मात्र ती वाटभर बोलत होती : वडिलांची भुवई मधोमध तुटलेली होती, कोटाचं वरचं बटण वेगळ्या रंगाचं होतं, हसताना ते एक डोळा बारीक करत. अंदाजेसाहेब तिचा हात धरून चालत होते आणि नुसतं "हं" म्हणत होते.

सबब वर्णन समक्ष पाहिल्याप्रमाणे बरोबर असून त्यात कमीजास्त काही नाही.

कपातून वाफ येत नव्हती.